समालोचकाने आसन केव्हा सोडावे ?

शालेय वार्षिकात खेळांविषयी जे लेख येतात, ते बहुधा खेळाडूंचे गुणगान करणारे असतात, व ते यथायोग्यच आहे. आम्ही मात्र आज अशा मनुष्यांविषयी चार शब्द लिहिणार आहोत की, जे चेंडूस पाय लावीत नाहीत, ज्यांच्या वस्त्रांवर चिखलाचा शिंतोडाही उडत नाही, आणि तरीही ज्यांच्यावाचून लक्षावधी लोकांस सामना हा सामन्यासारखा वाटत नाही. फुटबॉलचे धावते समालोचन करणारे, ज्यांस आपण साधेपणी कॉमेंटेटर म्हणतो, ते हे लोक होत. त्यांतही आमचा रोख त्यांच्यातील वृद्धांकडे आहे. खेळाडूचे वय झाले म्हणजे त्याचे पाय त्यास सांगतात. पायांनी न सांगितल्यास प्रतिपक्षाचा एखादा विशीतला पोर त्याच्या बगलेतून वाऱ्यासारखा निघून जाऊन सांगतो. समालोचकास हे कोण सांगणार? तो उंच कक्षात बसलेला असतो, त्याचा आवाज श्रोत्यांच्या ओळखीचा झालेला असतो, आणि ओळखीच्या आवाजातील चूक लोक पुष्कळ दिवस पदरात घेतात. मग एक दिवस असा उगवतो की, ती पदरात घेणे सर्वांनी एकदमच सोडून दिलेले असते.

हा विषय आम्हांस का सुचला, हे पुढे ओघाने येईल. गेल्या वर्षी आमच्याच हातून, किंबहुना आमच्याच मुखातून, जो प्रमाद घडला, तो सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

प्रथम या कामाचे मूळ पाहू. इंग्लंडात रेडिओवरून खेळाचे धावते समालोचन १९२७ सालच्या जानेवारीत सुरू झाले. १५ तारखेस ट्विकनहॅम येथे इंग्लंड व वेल्स यांच्यात रग्बी फुटबॉलचा सामना होता. आणि त्यानंतर आठवड्याने, २२ तारखेस, हायबरी येथे आर्सेनल व शेफील्ड युनायटेड हे दोन संघ आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये समोरासमोर आले. दोन्ही वेळी बोलणारे गृहस्थ एकच, कॅप्टन वेकलॅम. श्रोत्यांच्या सोयीसाठी ‘रेडिओ टाइम्स’ या नियतकालिकाने मैदानाची आकृती चौकोन पाडून व त्यांत अंक घालून छापली होती, व चेंडू ज्या चौकोनात असेल त्याचा अंक दुसरा एक सहकारी मधून मधून उच्चारीत असे. परंतु आम्हांस त्याहून हृद्य वाटते ती ट्विकनहॅमची हकीकत. वेकलॅम यांच्यापुढे प्रश्न होता की, न दिसणाऱ्या सहस्रावधी लोकांशी बोलावे कसे? तेव्हा संयोजकांनी सेंट डन्स्टन या अंधांच्या संस्थेतील एका गृहस्थास त्यांच्या खिडकीजवळ आणून बसविले, आणि या एकट्यास सामना सांगा, असे त्यांस सुचविले. या धंद्याची याहून चांगली व्याख्या आमच्या वाचनात नाही. जवळ बसलेल्या अंध मनुष्यास जो खरे तेच व वेळेवर सांगतो, तो समालोचक.

आता वार्धक्य या कामास नेमके कोठे ग्रासते? लोकांस वाटते आवाजास. आमचे मत तसे नाही. आवाज तर कित्येकदा वयाबरोबर मुरतो, सतारीच्या भोपळ्यासारखा अधिक गोड वाजू लागतो. प्रथम जाते ती नजर व नाव यांच्यामधली वाट. मैदानावर बावीस असामी धावत असतात. त्यांतील पाठमोऱ्या, वाकलेल्या, गर्दीत दडलेल्या खेळाडूचे नाव निमिषार्धात जिभेवर यावे लागते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०२२ च्या हंगामापासून प्रत्येक संघास पाच बदली खेळाडू उतरविण्याची मुभा मिळाली, त्यामुळे उत्तरार्धात नव्या दहा चेहऱ्यांची भर पडू शकते. अमेरिकन फुटबॉलची गोष्ट आणखी बिकट. (लांबट चेंडू बगलेत धरून पळण्याच्या त्या खेळास फुटबॉल का म्हणावे, हे आम्हांस आजवर उमगलेले नाही, परंतु नाव पडले ते पडले.) तेथे एकेका संघाच्या पटावर त्रेपन्न खेळाडू असतात व ते टोळीटोळीने आत-बाहेर करीत राहतात. म्हणून समालोचकाच्या शेजारी एक जाणता साहाय्यक बसवितात. तो खेळाडू ओळखून पुढ्यातील फळ्यावरील नावाकडे बोट दाखवितो. म्हणजे तेथे तरुणांसही दुसऱ्याच्या डोळ्यांची मदत लागते, हे ध्यानात ठेवावे. मदत घेण्यात कमीपणा नाही. नाव आठवत नसता ते ठोकून देण्यात आहे.

अमेरिकेतील पॅट समरॉल यांचेच उदाहरण घ्या. हे स्वतः नामांकित खेळाडू होते. १९५८ सालच्या डिसेंबरात, बर्फ पडत असता, न्यूयॉर्क जायंट्स संघाकरिता त्यांनी मारलेली एक विजयी लाथ त्या खेळाच्या इतिहासात नमूद आहे. पुढे १९८१ पासून जॉन मॅडन यांच्या जोडीने ते समालोचन करू लागले. मॅडन बोलघेवडे, हातवारे करणारे. समरॉल मितभाषी, इतके की दोन वाक्यांच्या मध्ये प्रेक्षकांचा गजर ऐकू यावा. पण अखेरच्या वर्षांत समरॉल यांच्याकडून नावांत चुका होतात, अशी कुजबूज सुरू झाली व ती वृत्तपत्रांपर्यंत गेली. २००२ सालच्या फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्स येथील सुपर बोल हा या जोडीचा शेवटचा सामना ठरला. तो सामना घड्याळ संपता संपता ॲडम विनाटिएरी या खेळाडूने अठ्ठेचाळीस यार्डांवरून मारलेल्या लाथेने निकालात निघाला, न्यू इंग्लंड २० व सेंट लुई १७. एके काळच्या लाथ मारणाऱ्याने, एकाहत्तराव्या वर्षी, दुसऱ्याची लाथ वर्णन करण्याचा तो प्रसंग होता. आणि तेव्हा त्यांनी अगदी मोजके शब्द वापरले. सर्व काही जाते तेव्हाही माणसाची मूळ प्रकृती शिल्लक राहते, असे तो क्षण पाहून आम्हांस वाटले.

मॅडन यांनी पुढे आणखी सात वर्षे काम केले. १ फेब्रुवारी २००९ चा सुपर बोल हा त्यांचा शेवटचा सामना, व एप्रिलात, वयाची त्र्याहत्तर वर्षे भरताच, त्यांनी निवृत्ती जाहीर केली. प्रकृती धड होती, लोकप्रियता ओसंडून वाहत होती, कोणी जा म्हटले नव्हते. पत्नी व नातवंडे यांच्याजवळ राहावे, हे कारण त्यांनी दिले. विमानाची भीती असल्याने हे गृहस्थ सबंध अमेरिका खंड आपल्या खास बसगाडीतून पालथा घालीत, तेव्हा घरची ओढ किती साठली असेल, याची कल्पना करावी. निवृत्ती असावी तर मॅडन यांच्यासारखी, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. आम्हांस ते अर्धेच पटते. ज्यांचे नाव धारण करणारा संगणकावरील खेळ १९८८ पासून घरोघर विकला जात होता, त्यांस उद्याच्या भाकरीची चिंता नव्हती. शिवाय त्यांचे काम खेळाचा अर्थ सांगण्याचे होते, नावे पुकारण्याचे नव्हे. ज्यास दुसरे काही येत नाही व ज्याची सारी ओळख त्या एका आसनाशी बांधलेली आहे, त्याने उठणे हे खरे कठीण.

कीथ जॅक्सन यांस ते एका प्रयत्नात साधले नाही. महाविद्यालयीन फुटबॉलचा हा अमेरिकेतील सर्वांत परिचित आवाज. १९९८ च्या हंगामाअखेर त्यांनी निरोप घेतला, समारंभ झाले, डोळे ओले झाले, आणि थोड्याच महिन्यांत स्वारी पुन्हा हजर! मात्र या वेळी त्यांनी दूरचे प्रवास टाळून आपल्या घरापासून फार लांब नसलेल्या पश्चिम किनाऱ्यावरील सामन्यांवर भर दिला. ४ जानेवारी २००६ रोजी पॅसाडिना येथील रोझ बोलमध्ये टेक्सासने सदर्न कॅलिफोर्नियाचा ४१-३८ असा पराभव केला, तो त्यांचा अखेरचा सामना. असा विलक्षण सामना मिळाल्यावर कोणाही शहाण्याने उठावे, व ते उठले. त्यांच्या पहिल्या निरोपाची थट्टा पुष्कळांनी केली. आम्ही करणार नाही. कित्येकांस आपण गेल्यावर घर किती शांत असते, हे गेल्यावाचून कळत नाही.

व्हर्न लुंडक्विस्ट यांची युक्ती आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते. २०१६ च्या डिसेंबरात, शहात्तराव्या वर्षी, सैन्यदल व नौदल यांच्या अकादमींमधील सामना सांगून त्यांनी फुटबॉल सोडला. परंतु ऑगस्टा येथील गोल्फची मास्टर्स स्पर्धा ते २०२४ पर्यंत सांगत राहिले. गोल्फमध्ये चेंडू स्थिर असतो, मारणारा एकटा असतो, व तो कोण हे सर्वांस आधीच ठाऊक असते. बाविसांच्या गर्दीतून नाव उचलण्याची शक्ती उणावली, पण बोलण्यातील माधुर्य उणावले नाही, हे ओळखून ज्यास जे झेपेल ते त्यांनी ठेवले व जे झेपणार नाही ते टाकले.

इंग्लंडचे जॉन मॉटसन यांनीही थोड्या फरकाने हेच केले. मेथडिस्ट पाळकांचा हा मुलगा. फुटबॉलचे सामने दाखविण्यास प्रथम वडिलांनीच नेले. १९७२ च्या फेब्रुवारीत हेरफर्डसारख्या लहान संघाने न्यूकॅसलचा पराभव केला, तो सामना सांगण्यास सव्वीस वर्षांचा हा तरुण योगायोगाने हजर होता, आणि तेथून त्याचे नाव झाले. २००८ च्या युरोपीय स्पर्धेनंतर मोठ्या स्पर्धांतील दूरचित्रवाणीवरील थेट समालोचन त्यांनी आपण होऊन थांबविले, व संक्षिप्त वृत्तांत आणि रेडिओ एवढ्यावर आणखी दहा वर्षे काढली. १३ मे २०१८ रोजी क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर त्यांनी बीबीसीकरिता शेवटचा सामना सांगितला. २०२३ च्या फेब्रुवारीत ते वारले. ब्रायन मूर यांनी तर १९९८ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना सांगून आपला ध्वनिक्षेपक खाली ठेवला, व तीन वर्षांनी त्यांचे देहावसान झाले. विश्रांतीचा काळ त्यांस किती थोडा लाभला!

रग्बीचे बिल मॅक्लॅरन यांचा उल्लेख आम्ही शिक्षक या नात्याने केल्यावाचून राहणार नाही. स्कॉटलंडातील हॉइक गावचे हे व्यायामशिक्षक. तरुणपणी क्षयाने रुग्णालयात पडले असता तेथील रेडिओवर टेबल टेनिसच्या सामन्यांचे वर्णन करू लागले, आणि १९५३ पासून बीबीसीवर बोलू लागले. तरी शाळा सोडली नाही. त्यांचे काही विद्यार्थी पुढे स्कॉटलंडकडून खेळले व गुरुजींनी त्यांची नावे साऱ्या देशास सांगितली. प्रत्येक सामन्यापूर्वी मोठ्या कागदावर रंगीत शाईने खेळाडूंची माहिती लिहून ते पाठ करीत. २००२ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कार्डिफ येथे ते अखेरचे बोलले, तेव्हा प्रतिपक्षाच्या, म्हणजे वेल्सच्या, प्रेक्षकांनीही गाऊन त्यांस निरोप दिला. तो रंगीत कागद हीच आमच्या मते त्यांच्या दीर्घायुष्याची किल्ली. ज्या दिवशी कागद तयार करण्याचा कंटाळा येतो व ‘इतकी वर्षे झाली, आता काय पाहायचे’ असे वाटू लागते, तो दिवस पांढऱ्या केसांपेक्षा अधिक बोलका असतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, म्हाताऱ्यांनी जावे, एवढेच आमचे म्हणणे दिसते. तसे नाही. केवळ वय पाहून माणसास उठविण्याचा अन्याय या धंद्यात थोडा झालेला नाही. १९६६ सालचा विश्वचषकाचा अंतिम सामना सांगणारे केनेथ वोल्स्टनहोम यांचे त्या दिवशीचे एक वाक्य इंग्रजी भाषेत म्हण होऊन बसले. पाच वर्षांनी, एक्कावन्न वर्षांचेही झाले नसता, त्यांनी बीबीसी सोडली, कारण त्यांच्या जागी डेव्हिड कोलमन यांस पुढे आणले गेले होते. महायुद्धात बॉम्बफेकी विमान चालविलेल्या या मनुष्याची दृष्टी किंवा वाणी अधू झाली होती, असे नव्हे. २०२० साली आयटीव्हीने क्लाइव्ह टिल्डस्ली यांस प्रमुख समालोचकाच्या जागेवरून दूर केले, तेव्हा हा निर्णय आपला नाही, असे त्यांनी चित्रफितीद्वारे लोकांस उघड सांगितले. त्या सांगण्यातील व्यथा आम्हांस सच्ची वाटली. नव्याची हौस व जुन्याचे दोष या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि चालक लोक पहिलीवर दुसरीचा बुरखा चढवितात.

अल मायकेल्स यांच्याबाबत तर न्याय करणे फारच अवघड. १९८० साली लेक प्लॅसिड येथे बर्फावरील हॉकीत अमेरिकेने रशियास हरविले, तेव्हाचा त्यांचा उद्गार आजही स्मरला जातो. सोमवार, रविवार व गुरुवार या तिन्ही रात्रींचे फुटबॉल त्यांनी सांगितले. १४ जानेवारी २०२३ रोजी जॅक्सनव्हिल संघ ०-२७ असा मागे पडूनही अखेर ३१-३० असा विजयी झाला, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मायकेल्स यांच्या वाणीत प्रसंगास साजेसा उत्साह नव्हता, अशी ओरड झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एनबीसीने बाद फेरीच्या सामन्यांतून त्यांस वगळले. गुरुवारचे काम मात्र दुसऱ्या कंपनीकडे चालूच राहिले. आता पाहा: त्यांनी नाव चुकविले नाही, खोटे सांगितले नाही, केवळ ओरडले नाहीत. समरॉल यांचा संयम गुण ठरला, तोच येथे दोष. ज्या श्रोत्यांस गोंगाटच उत्साह वाटतो, त्यांचे ऐकून जर आसने रिकामी होऊ लागली, तर कक्षात फक्त मोठा घसा उरेल.

तेव्हा आमची कसोटी ती ट्विकनहॅमचीच. खिडकीजवळच्या त्या अंध गृहस्थास आपण खरे सांगत आहो काय? एखादे नाव चुकणे कोणाचेही होते. पण चूक झाल्याचे स्वतःस कळते काय, व कळल्यावर तत्क्षणी दुरुस्त करण्याचे धैर्य उरले आहे काय? हे दोन्ही जोवर आहे, तोवर ऐंशीव्या वर्षीही बसावे. हे गेले, की पन्नाशीतही उठावे. आणि हे सांगण्याचे ओझे एकट्या म्हाताऱ्यावर टाकणे क्रूरपणाचे आहे. शेजारी बसणारे सहकारी, यंत्रे चालविणारे, वेतन देणारे, या सर्वांस ते आधी दिसते. आणि तेच गप्प बसून वृत्तपत्रांनी लिहिण्याची वाट पाहतात. हंगाम संपताना, बंद दाराआड, जुन्या स्नेह्याने चहाच्या पेल्यावर सांगावे, व निरोपाचा एक सामना त्याचा त्यास निवडू द्यावा. याहून अधिक काय लागते?

आम्हां शिक्षकांचे बरे आहे. अनुदानित माध्यमिक शाळेत अठ्ठावन्नावे वर्ष भरले की हार, श्रीफळ व मानपत्र देऊन रवानगी. नोकरीच्या पहिल्याच दिवशी ती तारीख ठरलेली असते. आम्ही पूर्वी या नियमास फार नावे ठेवीत असू. गेल्या वर्षापासून तितकी ठेवीत नाही.

झाले ते असे. आमच्या शाळेच्या आंतरगट फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याचे धावते समालोचन गेली अठरा वर्षे आम्ही करीत आलो आहो. कोणी नेमले नव्हते. एकदा माईक हाती आला तो राहिला. गेल्या डिसेंबरात आम्हांस नवीन चाळिशी लागली होती. खेळाडूंची यादी वाचावयाची तर ती डोळ्यांवर चढवावी, मैदान पाहावयाचे तर ती काढावी. ती काढावयास लागणाऱ्या क्षणार्धात गोल झाला. आम्ही वर पाहिले तो पोरांचा घोळका एकास मिठ्या मारीत होता. त्यांत संघाचा उंच कर्णधार दिसला व आम्ही बेधडक त्याचे नाव पुकारले. एकदा नव्हे, तीनदा, यथास्थित विशेषणे लावून. गोल केला होता नववीतल्या एका ठेंगण्या वसतिगृहवासी मुलाने. सामना संपेपर्यंत आम्हांस चूक कळली नाही, हे अधिक वाईट.

त्या मुलाची आजी गावाहून एस.टी.ने आली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पुढच्या रांगेत खुर्चीवर बसून ती ध्वनिक्षेपकावरून येणारे आमचे शब्द ऐकत होती. सायंकाळी ती निघाली तेव्हा आम्ही फाटकापाशीच होतो. ‘‘गुरुजी, आमचं पोरगं खेळलं का हो आज? त्याचं नाव काही ऐकू आलं नाही,’’ असे तिने विचारले. आम्ही काय उत्तर दिले, ते येथे लिहिण्याजोगे नाही, आम्ही अडखळलो. नातू शेजारी उभा होता, व ‘‘चल आजी, गाडी जाईल,’’ म्हणून तिला घेऊन गेला. त्याने आमच्याकडे पाहिले नाही, किंवा पाहण्याचे टाळले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सर्व शाळेसमोर आम्ही दुरुस्ती केली. मुलांनी टाळ्या वाजविल्या. पण तोवर आजी गावी पोहोचली होती. तिला पत्र लिहिले. ते कोणी वाचून दाखविले की नाही, त्याचा पत्ता नाही.

यंदाच्या अंतिम सामन्यास आम्ही त्याच मुलास शेजारी खुर्ची दिली. पायास दुखापत झाल्याने त्यास खेळावयाचे नव्हते. अमेरिकेतल्याप्रमाणे पुठ्ठ्यावर दोन्ही संघांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिली व बोट ठेवण्याचे काम त्यास सांगितले. ‘‘सर, तुम्ही बोला, मी दाखवतो,’’ एवढेच तो म्हणाला. पूर्वार्ध तसाच गेला. नाव चुकले नाही, परंतु आमचे वाक्य त्याच्या बोटामागून लंगडत येत होते, हे आम्हांस कळत होते. उत्तरार्धात घशास कोरड पडली म्हणून पाणी पिण्यापुरता माईक त्याच्या हाती दिला. पाणी पिऊन झाले, पेला खाली ठेवला, आणि सामना संपेपर्यंत आम्ही तो परत मागितला नाही. पुढील वर्षाचे काय, हे मुख्याध्यापकांनी विचारले आहे. त्यांस अद्याप उत्तर दिलेले नाही.